गाणं शिकवा, इलाज करू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१० सप्टेंबरचा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन यांच्या दरम्यान जिल्हा पानांवर एक बातमी हमखास असते. कुणा गायकाने व्यसनमुक्ती केंद्रात, महिलांच्या निवारागृहात किंवा कर्ता माणूस गमावलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी ‘संगीतोपचारा’चा कार्यक्रम केला, सगळे भारावून गेले, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कलाकाराचा जिव्हाळा खरा असतो आणि तेवढा तासभर ऐकणाऱ्यांना बरंही वाटतं. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. दाबून ठेवलेलं काहीतरी वर आलेलं असतं, ते ऐकायला कुणी नसतं, आणि गाणारा पुढच्या वर्षापर्यंत परत येणार नसतो.

आम्ही कुठल्याही संस्थेच्या पगारावर नसलेले, शिकवण्या आणि कार्यक्रमांवर पोट असलेले संगीतशिक्षक आहोत. संकटात सापडलेल्या माणसांना गाणं, ठेका आणि गीतरचना कशी शिकवावी, त्यात नेमकं काय चुकतं, हे कुणीतरी तपशिलात मांडायला हवं म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण ‘संगीतात मोठी ताकद आहे’ एवढ्या वाक्यावर हे काम उभं राहत नाही.

आधी शब्दाबद्दल. आपण जे करतो त्याला ‘संगीतोपचार’ म्हणू नये. संगीतोपचार ही वेगळी विद्या आहे. तिच्यात रुग्णाची तपासणी असते, उद्दिष्टं ठरलेली असतात, नोंदी ठेवायच्या असतात, डॉक्टरांशी बोलणं असतं. नैराश्यासाठीच्या संगीतोपचाराबद्दल वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ साली घेतलेल्या आढाव्यात ९ अभ्यास आणि ४२१ माणसं होती. नेहमीच्या उपचारांच्या जोडीने संगीतोपचार दिला, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा थोड्या काळापुरता तरी जास्त उतार पडला, असा त्याचा निष्कर्ष. यातला ‘जोडीने’ हा शब्द कधीही गाळू नये. अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने नैराश्य जातं, असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. त्यांना भरवशाचा पुरावा नाही. असा तक्ता वर्गात लावला की एखादा माणूस आपल्या मनाने गोळ्या बंद करतो, आणि त्याची जबाबदारी तक्ता लावणाऱ्यावर येते.

मग आपण द्यायचं काय? शिकवणी द्यायची. निवारागृहातली बाई दिवसभर सगळ्यांसाठी पीडित असते, वॉर्डातला माणूस रुग्ण असतो, सरकारी कागदावर तो लाभार्थी असतो. आठवड्यातले ५० मिनिटं त्याला विद्यार्थी होता आलं, त्याचा ‘रे’ चढा लागतो हे कुणी त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात तो सुधारला हे त्याला स्वतःला ऐकू आलं, तर तो आधार खरा असतो. त्यासाठी कुणाची कहाणी विचारावी लागत नाही. म्हणूनच वर्गात कौतुकाचा पाऊस पाडण्यापेक्षा चूक नीट दाखवणं जास्त आदराचं ठरतं. ज्याच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नाही, त्याला खोटी शाबासकी लगेच ओळखू येते.

वर्ग सुरू करण्याआधी संस्थेत एक फेरी फक्त विचारपूस करण्यासाठी मारावी. गोळ्या किती वाजता देतात? कारण त्यानंतरचा तास-दीड तास अनेकांना झापड असते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. वर्गात पाण्याची सोय हवीच. कुणाला कानात आवाज ऐकू येतात का? असतील तर हेडफोन नको आणि तंबोरा सतत चालू ठेवायचा की नाही हे त्या व्यक्तीला विचारून ठरवायचं. वर्गात काही घडलं तर संस्थेतल्या कुणाला हाक मारायची, त्या व्यक्तीचं नाव आणि ती त्या वेळी इमारतीत असेल याची खात्री. मनोरुग्णालयात किंवा तुरुंगात तारेची वाद्यं, जादा तारा, चाव्या, पट्टे यांची यादी दारावर द्यायची, मोजून न्यायची आणि मोजून परत आणायची. बासरीसारखं तोंडाने वाजवायचं वाद्य दोघांत वाटायचं नाही.

माणसं आठ ते दहा. याहून जास्त झाली की मागच्या रांगेतला माणूस गप्प झाल्याचं लक्षात येत नाही, आणि पाचच्या खाली आली की प्रत्येकावर उजेड पडतो, बुजरा माणूस पुढच्या वेळी येत नाही. बसायला गोल, पण दाराकडची बाजू मोकळी. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला दार दिसत राहणं फार गरजेचं असतं, दाराला पाठ करून ती गाऊ शकत नाही. उठून जायची मुभा पहिल्याच दिवशी सांगावी आणि कुणी उठलं तर गाणं थांबवू नये. एकट्याची शिकवणी असेल तर दार उघडं आणि तिसरं माणूस नजरेच्या टप्प्यात. श्वास कुठून घ्यायचा हे दाखवताना अनेक गुरुजन शिष्याच्या पोटाला किंवा बरगडीला हात लावतात. इथे ते अजिबात करू नये. स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवावं, तेवढं पुरतं.

आठ आठवडे, एकच वार, एकच वेळ. शेवटची तारीख पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायची. संकटातल्या माणसाच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेलेली असतात, त्यात गाण्याच्या बाईंची भर नको. एखादा आठवडा चुकणार असेल तर आधीच्या आठवड्यात सांगावं. हा नियम किरकोळ वाटतो, पण वर्ग बहुधा याच ठिकाणी मोडतात. कार्यक्रमाची सुपारी आली की फुकटचा वर्ग पुढे ढकलला जातो.

आता सूर. शिकलेल्या गायिका काळी चार-पाचला गातात, म्हणजे पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून, पुरुष काळी एक-दोनच्या आसपास. आपलीच पट्टी वर्गाला लावली की निम्मी माणसं गप्प बसतात आणि ‘आम्हाला गाता येत नाही’ असं ठरवून टाकतात. मिश्र वर्गासाठी सोपा तोडगा असा: सा पांढरी एकचा घ्यावा आणि पहिले चार आठवडे सगळी चाल सा ते प या पाच सुरांत ठेवावी. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या सप्तकात, दोघांनाही ताण पडत नाही. रडून बसलेला, रात्रभर न झोपलेला किंवा औषधांवर असलेला गळा आणखी खाली जातो. अशा दिवशी पांढरी सातवर यावं. मोबाइलमधला तंबोरा दहा माणसांत ऐकू येत नाही, हातभर लांबीचा साधा स्पीकर बरोबर न्यावा. पेटी असेल तर साथ पूर्ण चालीची न करता फक्त सा-प धरून ठेवावेत. चाल पेटीवर वाजली की माणसं पेटीचं ऐकतात, स्वतःचं ऐकत नाहीत.

सुरुवात गुणगुणण्याने करावी, ओठ मिटून ‘म’कारात. तोंड उघडून ‘आ’ लावणं म्हणजे अनोळखी माणसांसमोर उघडं पडणं असतं, ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआप येतं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत गुणगुणत बाहेर. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, सूर लांबवताना हा सोडण्याचा काळ वाढतो, म्हणून शांत वाटतं. यात गूढ काही नाही. पण यातही चुका होतात. श्वास रोखून धरायला लावणं, ‘डोळे मिटा’ असा हुकूम सोडणं, कोण जास्त वेळ सूर धरतो याची स्पर्धा लावणं, या तिन्ही गोष्टींनी घाबरं होणाऱ्या माणसाला उलटा त्रास होतो. जोरजोरात खोल श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. कुणाला तसं झालं तर गाणं थांबवून पाय जमिनीवर टेकवायला सांगावं, खोलीतल्या चार वस्तूंची नावं विचारावीत, श्वास नेहमीसारखा होऊ द्यावा. नजर मिटायची नसेल तर समोरच्या फरशीवर ठेवली तरी चालते.

ठेक्यासाठी भजनी ठेका किंवा दादरा, मिनिटाला ६० ते ७२ मात्रा. वाद्यं हलक्या आवाजाची हवीत: चिपळ्या, खंजिरी, मांडीवर थाप. टाळ बंद खोलीत फार तीक्ष्ण लागतो, त्याला फडकं बांधावं. ताशा आणि ढोल तर नकोतच. घरात हाणामारी पाहिलेलं मूल अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने दचकतं आणि पुढचा सगळा वेळ त्याचं लक्ष दाराकडे राहतं. व्यसनमुक्ती केंद्रात आणखी एक बाब: बेंजोच्या ठेक्याला वरातीची आणि वरातीला दारूची आठवण चिकटलेली असते. तो ठेका वाजला की तल्लफ येते, हे तिथले रहिवासी स्वतः सांगतात, त्यांना आधी विचारावं. दारू सोडल्याच्या पहिल्या आठवड्यात हात थरथरतात, चिडचिड होते, घाम येतो. त्या दिवसांत बोटांचं काम असलेलं वाद्य हातात देणं म्हणजे अपयश हातात देणं. तेव्हा फक्त ऐकायला बसू द्यावं. भजनात लय चढवत नेऊन शेवटी धुमाळी करण्याची आपल्याला सवय असते. मन आधीच उधाणलेल्या माणसासाठी ती चढती लय बरी नाही. वर्ग ज्या लयीत सुरू झाला त्याच लयीत, रोजच्या एकाच ओळखीच्या गाण्याने संपवावा.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती गीतरचनेची शिकवणी, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. कोरा कागद पुढे ठेवून ‘मनातलं लिहा’ म्हणणं ही पहिली चूक. मनात इतकं असतं की एक शब्द सुचत नाही, किंवा एकदम सगळं बाहेर येतं आणि आवरत नाही. माणसाला भांडं द्यावं लागतं, आणि मराठीकडे ते भांडं तयार आहे. देवद्वार छंद घ्या: चार तुकडे, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक. एकूण बावीस अक्षरं. जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घाची अट नाही, बोटांवर मोजता येतं. शाळेत न गेलेल्या माणसाच्याही कानात हा छंद लहानपणापासून बसलेला असतो.

दुसरी पायरी: विषय भावनेचा देऊ नये, वस्तूचा द्यावा. ‘दुःखावर लिहा’ म्हटलं की पुस्तकी शब्द येतात. किल्ली, चप्पल, रेशनकार्ड, दुधाचं पातेलं असं काहीतरी द्यावं. वर्गात दाखवण्यासाठी रचलेलं एक उदाहरण:

चुलीवर दूध
उतू चाललेले
कुणी ना पाहिले
घरामध्ये

यात दुःख हा शब्द कुठेही नाही. घरात काय झालं असेल हे ऐकणाऱ्याला कळतं आणि लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही. ‘मी’ न वापरताही स्वतःबद्दल बोलता येतं, ही मोकळीक छंदापेक्षाही मोठी आहे. चाल बसवताना भजनी ठेक्याच्या आठ मात्रा कामी येतात. सहा अक्षरं सहा मात्रांत, उरलेल्या दोन मात्रांत शेवटचं अक्षर लांबवायचं, तिथेच श्वास घ्यायला जागा मिळते. शेवटच्या तुकड्यात चारच अक्षरं, प्रत्येकाला दोन मात्रा, आणि उतरत सा वर यायचं. पहिल्या बैठकीत एक कडवं झालं तरी भरपूर झालं.

लिहिता न येणाऱ्यांसाठी शिक्षकाने लिहून घ्यावं आणि जसं बोललं तसंच लिहावं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी शब्द ‘शुद्ध’ करू नयेत. वाचून दाखवावं, ‘असंच ना?’ विचारावं. बायकांच्या वर्गात जात्यावरच्या ओवीचा घाट जास्त चालतो, कारण ती मुळात लिहिण्याची नाहीच, सांगण्याची आहे, आणि सांगणं जात्याला असतं, सईला असतं, समोरच्या माणसाला थेट नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावरच्या संग्रहात ऐकायला मिळतात. सासर, नवऱ्याचा मार, मेलेलं मूल, दुष्काळ, सगळं त्यांत आहे. एखादीने आजीची ओवी म्हटली आणि दुसरीने तिला स्वतःची ओळ जोडली, की शिक्षकाने गप्प बसावं. तिथून वर्ग त्यांचा होतो.

गाण्याचा शेवट आशेचा व्हावा म्हणून ढकलू नये. ‘शेवटी सूर्य उगवू द्या ना’ अशी शिक्षकाची सूचना म्हणजे ‘तुझं खरं मला ऐकवत नाही’ असं सांगणं. यमकही इथे फसवतं. ‘रात’ला ‘प्रभात’ पटकन सापडते आणि लिहिणारा न मानलेली गोष्ट लिहून बसतो. यमक जुळत नसेल तर सोडावं, अक्षरसंख्या धरावी.

तयार गाणी निवडतानाही कुणासमोर काय गातोय याचं भान हवं. मूल गमावलेल्या बाईसमोर पाळणा, पुराने घर गेलेल्यांसमोर पावसाची गाणी, नवऱ्याच्या पश्चात सासरी खितपत पडलेल्या मुलीसमोर हळदीची गाणी. या चुका वाईट हेतूने होत नाहीत, सवयीने होतात. अभंग अनेकांना हवा असतो, पण तो त्यांनी मागावा. निवारागृहात सगळ्या जातिधर्मांच्या बायका असतात आणि पहिल्याच दिवशी एकाच देवाचं गाणं लावलं तर काहींना दार बंद झाल्यासारखं वाटतं.

आता सर्वांत अवघड भाग. एखाद्या कडव्यात मरणाची, संपवून टाकण्याची ओळ आली तर? ती खोडू नये, तिला टाळ्याही देऊ नयेत. ‘ही ओळ लिहून घेतली’ एवढं म्हणून पुढे जावं आणि वर्ग संपल्यावर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन सरळ विचारावं: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर उपदेश नको, ‘घरच्यांचा विचार कर’ नको, गुप्ततेचं वचन तर अजिबात नको. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, संस्थेतल्या ठरलेल्या व्यक्तीला तिथेच बोलवायचं आणि ती आल्याशिवाय निघायचं नाही. संस्था नसेल, गावातला वर्ग असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिथल्या तिथे लावून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आधाराची ही सरकारी फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२, किंवा सोबत घेऊन जिल्हा रुग्णालय. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. प्रयत्न झालेल्या घरातली माणसं पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. त्यांना सांगावं की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे.

मुलांच्या वर्गात वेगळी काळजी. गाण्यातून किंवा गप्पांत लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गाण्याच्या शिक्षकालाही. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असं मुलाला कधीही म्हणू नये. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं आणि मुलाने वापरलेलेच शब्द लिहून ठेवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन क्रियापदं आहेत: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. गाण्याच्या शिक्षकाचं काम तिसऱ्या क्रियापदापाशी संपतं. रात्री दोन वाजता आलेल्या मेसेजला उत्तर देत बसणारे तरुण कलाकार सहा महिन्यांत थकून हे काम सोडतात, आणि त्यांच्यावर विसंबलेला माणूस पुन्हा एकटा पडतो. वर्गासाठी वेगळा क्रमांक घ्यावा, त्यावर कधी उत्तर मिळेल हे सांगावं, आणि बाकीच्या वेळेसाठी १४४१६ द्यावा. प्रत्येक दोन वर्गांनंतर तासभर एखाद्या मानसतज्ज्ञाशी बोलायला मिळालं पाहिजे, ती चैन समजू नये.

रेकॉर्डिंगबद्दल आमचं मत कडक आहे. वर्गात मोबाइल बाहेर. देणगीदारांना फोटो हवा असेल तर वाद्यांचा, वह्यांचा द्यावा, पाठमोऱ्या वर्गाचाही नको. लैंगिक अत्याचारग्रस्तेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि निवारागृहाच्या खिडकीवरूनही पत्ता ओळखता येतो. रचलेलं गाणं ज्याचं आहे त्याचं राहावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द ज्याने रचले तो त्यांचा कर्ता आहे, शिक्षकाने चाल लावली म्हणून शब्द शिक्षकाचे होत नाहीत. गाणं बाहेर गाण्याचा विषय निघालाच तर वर्ग संपून काही आठवडे उलटल्यावर, माणूस स्थिर असताना, साध्या मराठीत दोन ओळींचा कागद करावा: नाव घालायचं की नाही, पैसे आले तर कुणाला किती, आणि हो म्हटल्यावरही नाही म्हणता येईल. वर्ग चालू असताना घेतलेली परवानगी खरी नसते. समोर ज्याच्यामुळे बरं वाटतंय त्याला माणूस नाही कसा म्हणेल?

पूर, दरड, आग अशा आपत्तींत तर पहिले दोन आठवडे गाणं घेऊन जाऊच नये. तेव्हा कोरडे कपडे, पाणी, औषधं आणि नातेवाइकांची खबर लागते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर ज्यांना खरंच काही करायचं होतं त्यांच्यासाठी एक काम डोळ्यांसमोर होतं: भिजलेली वाद्यं. पूरग्रस्त गावाला नवा शिक्षक देण्यापेक्षा तिथल्या भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज परत उभा करून देणं जास्त टिकतं, कारण ते मंडळ दर एकादशीला बसणारच असतं. भिजलेली पेटी उन्हात ठेवली की लाकूड वाकतं आणि सांधे सुटतात. सावलीत, हवेशीर जागी, भाता उघडा ठेवून सुकवावी, गाळ पुरता सुकण्याआधी ओल्या फडक्याने टिपावा, पितळी सुरांच्या पट्ट्या घरी खरवडू नयेत, स्वर बिघडतो. तबला-पखवाजाची वादी, म्हणजे ताणाची चामडी पट्टी, सैल करून ठेवावी. मधली काळी शाई फुगली किंवा तडकली असेल तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलावीच लागते. कारागीर शोधायला लांब जायला नको. मिरजेत वाद्यं करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि पुराची झळ त्या भागानेही सोसली आहे. दुरुस्तीचे पैसे तिथे गेले तर दोन घरं सावरतात.

राहिला पैशाचा प्रश्न. ५० मिनिटांच्या वर्गामागे तयारी, प्रवास आणि नोंदी धरून अर्धा दिवस जातो. ‘समाजकार्य आहे, मानधन कसलं’ या अपेक्षेमुळे फक्त ज्यांना परवडतं तेच हे काम करतात आणि तेही वर्षातून एकदा. आठ आठवड्यांच्या एका वर्गाचं अंदाजपत्रक छोटं असतं: दोन शिक्षकांचं मानधन आणि प्रवास, एक स्पीकर, दहा वह्या, चिपळ्या-खंजिरी, चहा, आणि मानसतज्ज्ञाचे चार तास. कंपनी कायद्यातल्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यातून एका मोठ्या मंचाच्या कार्यक्रमाऐवजी असे वर्ग का होऊ नयेत, हा प्रश्न जिल्ह्यातल्या उद्योजकांना विचारायला हवा. शिक्षक दोन हवेत, हेही अंदाजपत्रकात कापू नये. एक जण शिकवत असताना दुसऱ्याने बाहेर उठून गेलेल्या माणसापाशी जायचं असतं.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या. ‘संगीतातून आधार’ अशा कार्यक्रमाची बातमी किंवा निवेदन छापताना तो किती आठवडे चालणार आणि तिथे समुपदेशक कोण आहे, हे आयोजकांना विचारून छापावं. आणि अशा प्रत्येक बातमीखाली, मग ती एका ओळीची असली तरी, १४४१६ हा क्रमांक द्यावा.

आपले,
स्वतंत्रपणे गाणं शिकवणारे काही शिक्षक
पुणे आणि सांगली